योद्धा, सिद्ध आणि शास्त्रज्ञ : मराठी अंतराळकथेतील एका अनुपस्थित नायकाविषयी

१

अंतराळातील साहसाची कथा हा यंत्रयुगाने घडवलेला वाङ्मयप्रकार आहे. तिचा नायक मात्र यंत्रयुगाचा नाही. एडगर राइस बरोज यांची मंगळावरील पहिली कथा १९१२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक जॉन कार्टर हा अमेरिकेतील यादवी युद्धात पराभूत झालेल्या पक्षाचा सैनिक आहे. तो मंगळावर पोहोचतो, पण कोणत्याही यानातून नव्हे. ॲरिझोनातील एका गुहेत त्याचा देह मागे राहतो आणि तो केवळ आंतरिक ओढीने परग्रहावर जाऊन उभा राहतो. तेथे त्याला उपयोगी पडते ती तलवार. ई. ई. स्मिथ यांच्या 'गॅलॅक्टिक पेट्रोल' (१९३७-३८) या कादंबरीतील वीरांना एका अतिप्राचीन, ज्ञानी जमातीकडून मनःशक्ती देणारे भिंग प्राप्त होते. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' (१९६५) मधील पॉल हा भविष्य पाहू शकणारा सेनानी आहे. १९७७ मध्ये पडद्यावर आलेल्या 'स्टार वॉर्स'मधील जेडाय हे तर सरळसरळ योद्धे-संन्यासी होत: विश्वव्यापी शक्तीशी तादात्म्य, गुरूकडून दीक्षा, आणि हाती प्रकाशाची तलवार.

नॉर्थ्रप फ्राय यांनी १९५७ मध्ये नायकाच्या कृतिसामर्थ्यावरून कथनप्रकारांची जी श्रेणी मांडली, तिच्या आधारे पाहिले तर हा नायक अद्भुतकथेचा आहे. तो इतर माणसांहून आणि आपल्या परिसराहून सामर्थ्याने अधिक आहे, तरीही तो माणूसच आहे. वास्तववादी कादंबरीने या नायकाला निरोप दिल्यानंतर त्याला पृथ्वीवर जागा उरली नव्हती. अंतराळाने ती मिळवून दिली. जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मध्ये वीराच्या प्रवासाची जी मिथककेंद्री मांडणी केली, तिचा उपयोग चित्रपटकर्ते जॉर्ज ल्यूकस यांनी जाणीवपूर्वक केला ही गोष्टही सर्वपरिचित आहे.

या पार्श्वभूमीवर मराठी वाङ्मयेतिहासात एक प्रश्न उपस्थित होतो. मराठीत अंतराळकथा आहे. ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीवर आधारलेले कथानक विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच 'केरळकोकीळ' मासिकातून मराठीत आले होते. मराठीत योद्धे आहेत आणि सिद्धपुरुषही विपुल आहेत. असे असूनही मराठी अंतराळकथेत सिद्ध-योद्धा का अवतरला नाही? या अनुपस्थितीचे स्पष्टीकरण सामान्यतः 'मराठी विज्ञानकथा अजून बाल्यावस्थेत आहे' अशा शब्दांत दिले जाते. ते समाधानकारक नाही. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य असे की, हा नायक मराठीला सुचला नाही असे नसून तो विभागला गेला. त्याची तलवार ऐतिहासिक कादंबरीकडे गेली, त्याची सिद्धी भयकथेकडे गेली आणि त्याचे आकाश विज्ञानकथेकडे गेले. या विभागणीला कारणे होती. तिच्यातून काही मोलाचे मिळाले, तसेच काही गमावलेही.

२

असा प्रश्न ग्रंथांच्या सूचीवरून सुटत नाही. वाचक कोण होता हे पाहावे लागते. त्यासाठी मुंबईतील कॉटन ग्रीन आणि त्याला लागून असलेला काळाचौकी, लालबाग, परळ हा गिरणगावाचा पट्टा दृष्टीसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल.

कॉटन ग्रीन हे स्थळनाम स्वतःच स्थलांतरित आहे. किल्ल्यातील टाउन हॉलसमोरच्या ज्या मोकळ्या हिरवळीवर कापसाच्या गासड्या रचल्या जात, ती मूळची कॉटन ग्रीन. १८४४ मध्ये हा व्यापार कुलाब्यास गेला आणि १९२० च्या दशकात शिवडीच्या बाजूस आला. नाव व्यापाराबरोबर गेले, हिरवळ मागे राहिली. हार्बर मार्गावरील स्थानकाला आणि कापूस बाजाराच्या भव्य इमारतीच्या परिसराला आज ते नाव आहे. पूर्वेस गोदी, पश्चिमेस गिरण्या आणि मध्ये कापसाचा भाव ठरवणारी ही इमारत, अशी या भागाची रचना होती.

या रचनेतील एक गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकानेही लक्षात घेण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईस येत, आणि त्या आकड्यांवर जुगार चाले. १९६१ मध्ये तेथून येणारे भाव बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे काढण्याची प्रथा पडली आणि 'मटका' हा शब्द रूढ झाला. सात समुद्रांपलीकडून येणारा, कधीही न दिसणारा एक आकडा आपले आजचे सुखदुःख ठरवतो, असा हा अनुभव होता. गिरणीचा चालू-बंद भोंगा, मंदी, कामगारकपात यांमागील कारणेही अशीच दूरची आणि अदृश्य होती. अदृश्य सत्तेशी लढणारा वीर ही कल्पना अशा वाचकाला पलायनवादी करमणूक वाटली असेल, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने ती जगाचे वर्णन करण्याची एक रीत होती.

शिवाय हा नायक त्याला नवा नव्हता. कोकणातून, साताऱ्याहून आणि घाटावरून आलेल्या या वर्गाचे वाचन पुष्कळदा श्रवणाच्या रूपात होते. श्रावणात किंवा नवसाच्या निमित्ताने खोलीत पोथी लागे. त्या पोथ्यांपैकी धुंडिसुत मालू यांचा 'नवनाथ भक्तिसार' (शके १७४१, म्हणजे इ. स. १८१९) हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यातील नाथ हे विरक्त आहेत आणि योद्धेही आहेत. मच्छिंद्रनाथ मारुतीशी युद्ध करतो, वेताळाला वठणीवर आणतो, देवदेवतांना सामोरा जातो. त्याचे शस्त्र म्हणजे चिमूटभर भस्म आणि त्यावर जपलेला मंत्र. या मंत्रांना वाताकर्षणास्त्र, वज्रास्त्र अशी नावे आहेत. आकाशमार्गे जाण्यासाठी यानास्त्र आहे. प्रतिपक्षाने एक अस्त्र सोडावे, नाथाने त्याचे निवारण करणारे दुसरे सोडावे, असा युद्धाचा क्रम आहे. या अस्त्रयुद्धाला त्याची स्वतःची अंतर्गत नियमव्यवस्था आहे. कोणत्या अस्त्रावर कोणते अस्त्र चालते हे शिकावे लागते, आणि ते गुरूकडूनच शिकता येते.

तात्पर्य, आकाशगमन, गूढ शक्ती, शस्त्रविद्या आणि गुरुपरंपरा यांचा जो संयोग पाश्चात्त्य अंतराळकथेने विसाव्या शतकात साधला, तो गिरणगावातील श्रोत्याच्या कानावर पोथीतून आधीच आलेला होता. तेव्हा या नायकाची सामग्री मराठीजवळ नव्हती असे म्हणता येत नाही.

३

मुद्रित गद्यात या सामग्रीचे काय झाले? एकोणिसाव्या शतकातील 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनंतर अद्भुताचा हा प्रवाह टीकाकारांच्या दृष्टीने कनिष्ठ ठरत गेला. नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२-१९२८) यांच्या लेखनात हा संक्रमणबिंदू स्पष्ट दिसतो. 'वीरधवल'सारखी अद्भुतरम्य कादंबरी आणि स्वराज्यविषयक ऐतिहासिक कादंबऱ्या एकाच लेखकाने लिहिल्या. पुढील काळात दुसरी वाट राजमार्ग झाली आणि पहिली वाचनालयाच्या मागच्या कपाटात गेली.

ऐतिहासिक कादंबरीने योद्ध्याची जागा पूर्णपणे व्यापली. 'स्वामी' (१९६२), 'मृत्युंजय' (१९६७) आणि 'श्रीमान योगी' (१९६८) या सहा वर्षांतील तीन कादंबऱ्यांनी मराठी वाचकाचे वीरविषयक भावविश्व घडवले. यांपैकी तिसऱ्या कादंबरीचे शीर्षकच बोलके आहे. योद्धा आणि योगी यांचा संयोग मराठीने कल्पित पुरुषात पाहिला नाही. तो इतिहासातील शिवाजी महाराजांच्या ठायी पाहिला. ज्या समाजाच्या स्मृतीत असा नायक इतक्या जिवंतपणे वावरतो, त्या समाजाच्या लेखकाला कल्पित वीर निर्माण करताना दुहेरी अडचण येते. तो वीर लहान ठरला तर निरर्थक होतो आणि मोठा ठरला तर उद्धट वाटतो. मराठीतील वीर भूतकाळाशी बांधला गेला याचे हे एक प्रमुख कारण मानावे लागते. भविष्यकाळात पाठवण्यासाठी तो मोकळाच नव्हता.

दुसरा प्रवाह रहस्यकथेचा. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड हे नायक कायद्याच्या कडेकडेने चालून दुर्बळांच्या बाजूने उभे राहतात. गिरगावापासून परळपर्यंतच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांचा हा लेखक आधारस्तंभ होता. मात्र अर्नाळकरांचा वीर सिद्ध नाही. वेषांतर, चातुर्य आणि धाडस ही त्याची साधने आहेत. पोथीतील मंत्राची जागा येथे युक्तीने घेतली आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ पासून १९९० पर्यंत मुंबईतून काढलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने वेताळ आणि मांड्रेक यांच्याबरोबर फ्लॅश गॉर्डन हा अंतराळवीरही भारतीय भाषांतील वाचकांपर्यंत आणला. पण तो अनुवादित पाहुणा राहिला. त्याच्या धर्तीवर मराठी वीर उभा राहिला नाही.

सिद्धीचा वारसा चालवला तो नारायण धारप (१९२५-२००८) यांनी. त्यांच्या कथांतून पुनःपुन्हा येणारा 'समर्थ' हा मराठीतील सिद्ध-योद्ध्याच्या सर्वांत जवळ येणारा आधुनिक नायक होय. समर्थ साधनेने सामर्थ्य मिळवतो आणि मानवी जगाच्या सीमेपलीकडून येणाऱ्या दुष्ट शक्तींना रोखतो. त्याच्या नावात रामदासांची स्मृती आहे, पण त्याची विचारपद्धती प्रयोगशील माणसाची आहे. धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या. म्हणजे एकाच लेखकाच्या टेबलावर सिद्ध आणि अंतराळ हे दोन्ही विषय होते. तरीही समर्थाची रणभूमी बहुधा एखादा वाडा, एखादे गाव किंवा एखादे पछाडलेले कुटुंब हीच राहिली. तो विश्वव्यापी अरिष्टाशी लढतो, पण घराच्या उंबऱ्यावर. धारपांना आकाश अपरिचित नव्हते. मात्र मराठी वाचनव्यवहारात भयकथा आणि विज्ञानकथा यांची कपाटे वेगळी होती, आणि नायकाला एका कपाटातून दुसऱ्यात जाण्याची मुभा नव्हती.

४

ही मुभा का नव्हती, याचे उत्तर विज्ञानकथेच्या पुनर्जन्मकथेत आहे. श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य'सारखी सुरुवातीची उदाहरणे आणि भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी व्हर्न आणि वेल्स यांची केलेली रूपांतरे जमेस धरूनही, मराठी विज्ञानकथेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली ती १९७० च्या दशकात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले. १९७९ मध्ये त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह गिरगावातील मौज प्रकाशन गृहाने काढला. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनातून एक पिढी उभी राहिली. २०२१ मध्ये नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा या प्रतिष्ठेवर जणू शिक्कामोर्तब झाले.

या विज्ञानकथेची जन्मभूमी वाचनालय नव्हती. ती विज्ञानप्रसाराची चळवळ होती, ही गोष्ट निर्णायक आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले, तोही हाच काळ. ज्या कथेचे प्रयोजन चमत्कारावरील विश्वास ढळवणे हे आहे, तिला चमत्कार करणारा नायक परवडणारा नव्हता. डार्को सुविन यांनी १९७९ मध्ये विज्ञानकथेची व्याख्या करताना ज्ञानाधिष्ठित अपरिचितीकरण हा निकष मांडला आणि केवळ अद्भुतावर चालणाऱ्या कथनाला तिच्या कक्षेबाहेर ठेवले. मराठीत ही सीमारेषा कोणत्याही सिद्धान्ताशिवाय, व्यवहारातूनच आखली गेली होती.

पण सीमेबाहेर ठेवलेली गोष्ट संहितेत मागच्या दाराने येते. नारळीकरांच्या शीर्षकांकडेच पाहावे: 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'उजव्या सोंडेचा गणपती'. मिथकाची नावे आहेत. मिथकाचा नायक नाही. 'वामन परत न आला' या कादंबरीतील वामन हा जमिनीच्या पोटात सापडलेल्या प्राचीन संस्कृतीच्या ज्ञानातून घडवलेला यंत्रमानव आहे. पुराणातील वामनाने तीन पावलांत विश्व व्यापले. येथे ती व्याप्ती यंत्राच्या स्वयंपुनर्निर्मितीचा धोका म्हणून येते. अवतार हा तारणहार नसून ज्याला रोखायचे ते संकट आहे. हे मिथकाचे अलंकरण नव्हे, मिथकाची उलटतपासणी आहे.

'धूमकेतू' ही कथा या संदर्भात आणखी स्पष्ट आहे. दत्तदा या हौशी खगोलनिरीक्षकाला सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणिताने दिसते. शास्त्रज्ञ गुप्तपणे अणुस्फोटाच्या साहाय्याने त्याचा मार्ग बदलतात. इकडे दत्तदांच्या घरी धूमकेतूच्या अशुभाच्या निवारणासाठी यज्ञ होतो. अरिष्ट टळते, पण घरातील श्रेय यज्ञाला मिळते. अंतराळातील संकट, त्याच्यावर सोडलेले अस्त्र आणि मंत्र ही नवनाथांच्या पोथीतील तिन्ही उपकरणे येथे हजर आहेत. कथेने त्यांची फारकत केली आहे इतकेच. अस्त्र शास्त्रज्ञाकडे, मंत्र घराकडे. आणि वीर? जगाला वाचवणारे लोक येथे अनाम, सामूहिक आणि खोलीत बसून हिशेब करणारे आहेत. त्यांच्या पराक्रमाला प्रेक्षक नाही. ज्याला जग वाचवायचे आहे त्याने श्रेयाविना राहावे, हे या कथेचे नैतिक सूत्र आहे, आणि ते कोणत्याही योद्धाकथेहून कमी उदात्त नाही.

योद्ध्याचा प्रश्न मात्र 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत थेट उभा राहतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईस येतात ते एका वेगळ्या जगात. या जगात १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. हे कसे घडले ते शोधण्यासाठी ते टाउन हॉलमधील ग्रंथालयात जातात. जिच्यासमोर एकेकाळी कापसाच्या गासड्या रचल्या जात, तीच ही वास्तू. तेथे बखरीचे एक पान त्यांना उत्तर देते: विश्वासरावाला लागायची गोळी कानाजवळून निघून गेली. गोळी लागली तर एक इतिहास, चुकली तर दुसरा. कथेत पुढे पुंजसिद्धान्त आणि आपत्ती-सिद्धान्त यांच्या साहाय्याने या द्विभाजनाचा अर्थ लावला जातो.

मराठी वीरकल्पनेच्या दृष्टीने ही कथा क्रांतिकारक आहे. ऐतिहासिक कादंबरीने ज्या योद्ध्याला नियतीचा स्वामी किंवा नियतीचा बळी म्हणून पाहिले, त्याला ही कथा संभाव्यतेच्या हवाली करते. विश्वासरावाच्या शौर्यात दोन्ही जगांत तिळमात्र फरक नाही. फरक आहे तो गोळीच्या मार्गात. जिंकलेल्या जगातील पेशव्यांचे यश कशात आहे, तर युरोपातील तंत्रयुगाची चाहूल ओळखून त्यांनी विज्ञानाची स्वतःची केंद्रे उभारली यात. म्हणजे योद्ध्याच्या विजयाची सार्थकता शास्त्रज्ञाला जन्म देण्यात आहे. आणि कथेचा नायक? तो मराठ्यांच्या विजयाच्या जगात पोहोचल्यावर तलवार उचलत नाही. ग्रंथालयात जाऊन संदर्भ तपासतो. सिद्ध-योद्ध्याला मराठी विज्ञानकथेने दिलेले उत्तर म्हणजे हा पुस्तक उघडून बसलेला प्राध्यापक होय.

५

या नकाराचे मूल्यमापन कसे करावे? प्रथम त्याची जमेची बाजू. पाश्चात्त्य अंतराळकथेतील सिद्ध-योद्ध्याच्या सामर्थ्याचा उगम तपासला तर तो वारंवार रक्तात सापडतो. स्मिथ यांच्या मालिकेत ज्ञानी जमात पिढ्यान्‌पिढ्या निवडक वंश जोपासते. 'ड्यून'चा पॉल हा एका स्त्रीसंघाच्या दीर्घ प्रजननयोजनेचे फल आहे. 'स्टार वॉर्स'ने १९७७ मध्ये शक्तीचे द्वार साधकाला खुले असल्याचे सुचवले, पण १९८० मध्ये खलनायक हाच नायकाचा पिता ठरला, आणि १९९९ च्या चित्रपटात तर शक्तीचे प्रमाण रक्ततपासणीने मोजता येऊ लागले. इंद्रजालमधील वेताळही पित्याकडून पुत्राकडे चालत आलेल्या गादीचा एकविसावा वारस आहे. जन्माने पात्रता ठरवणाऱ्या समाजात या नायकाचे आकर्षण निरुपद्रवी राहत नाही. नारळीकर आणि त्यांच्या पिढीने जो नायक दिला, त्याचे सामर्थ्य शिकता येणारे, तपासता येणारे आणि दुसऱ्याला देता येणारे आहे. मराठी विज्ञानकथेची ही नैतिक कमाई टीकेने पुरेशी नोंदवलेली नाही.

परंतु येथेच पोथीकडे पुन्हा वळावे लागते. 'नवनाथ भक्तिसार'मधील वीर रक्ताचे वारस नाहीत. मच्छिंद्र मासळीच्या पोटातून येतो, गोरक्ष उकिरड्यावरच्या राखेतून, गहिनी पोरांनी खेळताना केलेल्या चिखलाच्या पुतळ्यातून, कानिफा हत्तीच्या कानातून. ते नवनारायणांचे अवतार आहेत, म्हणजे निवडलेलेच आहेत, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तरीही त्यांना कूळ नाही, वडिलार्जित गादी नाही. विद्या मिळते ती गुरूच्या अनुग्रहाने आणि बारा-बारा वर्षांच्या तपाने. याच गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे आलेली परंपरा मराठी वाङ्मयाच्या आरंभस्थानी आहे. उकिरड्यावर जन्मलेला, शिकून समर्थ झालेला आणि आकाशमार्गे जाणारा योद्धा ही प्रतिमा मराठीजवळ होती. जेडायपेक्षा ती काही बाबतींत अधिक लोकशाहीवादी होती. विज्ञानकथेने चमत्कार नाकारताना तीही नाकारली. मंत्र टाकावा हे योग्यच होते. पण त्याबरोबर उकिरड्यावरचा नायकही टाकला गेला.

या दुसऱ्या त्यागाची किंमत वाचकवर्गाच्या संदर्भात दिसते. विज्ञानकथेतील शास्त्रज्ञ संस्थेचा माणूस आहे. त्याला प्रयोगशाळा आहे, परिषदांची निमंत्रणे आहेत, सत्ताधाऱ्यांपर्यंत पोहोचणारा दूरध्वनी आहे. कॉटन ग्रीनच्या वाचकाचे ज्ञानाशी नाते निराळे होते. तो यंत्रासमोर आयुष्य काढत होता. सूत तुटण्याआधी साच्याच्या आवाजातील बदल ओळखण्याचे कौशल्य त्याच्याजवळ होते. हेही तांत्रिक ज्ञान होते आणि तेही जुन्या कामगाराकडून नव्या कामगाराकडे, शेजारी उभे राहून जात होते. पण या ज्ञानाचा नायक विज्ञानकथेत क्वचितच आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्यांचे हे जग पूर्वीसारखे राहिले नाही, आणि ज्या वाचनालयांनी अर्नाळकर-धारपांना घरोघर नेले, त्यांचाही आधार खचत गेला. मराठी विज्ञानकथा प्रतिष्ठित होत होती तीच ही वर्षे. गिरगावातच अर्नाळकरांचे वाचक होते आणि गिरगावातच 'यक्षांची देणगी' छापली गेली. अंतर फर्लांगभराचे होते, तरी दोन्ही वाचकवर्ग एकमेकांना फारसे भेटले नाहीत.

रिकामी जागा मात्र रिकामी राहत नाही. १९८७ ते १९९० या काळात दूरदर्शनवरील 'रामायण' आणि 'महाभारत' या मालिकांनी अस्त्रयुद्ध पुन्हा घरात आणले. आकाशात एकमेकांवर आदळून विझणारे बाण हे पोथीतील अस्त्र-प्रत्यस्त्राचेच दृश्य रूप होते. १९९७ मध्ये 'शक्तिमान' आला: योगसाधनेने सिद्ध झालेला, कुंडलिनी जागृत केलेला, आकाशातून झेपावणारा वीर. त्याच्या पाठोपाठ १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम' हा अंतराळयोद्धा पडद्यावर आला. मुंबईतील मराठी मुलांनी हे नायक हिंदीतून आपलेसे केले. शक्तिमानच्या सर्वसामान्य रूपाचे नाव गंगाधर आहे, हा निव्वळ योगायोग; पण तो सूचक आहे. मराठी विज्ञानकथेने आपल्या गंगाधरपंतांना ग्रंथालयात पाठवले, आणि त्याच शहरातील हिंदी मालिकेने आपल्या गंगाधराला आकाशात उडवले. पहिल्याला अभ्यासक्रमात स्थान मिळाले, दुसऱ्याला चाळीच्या गॅलरीत.

६

या विवेचनाचा निष्कर्ष मराठीला जेडाय हवा होता असा नाही. उसन्या आदिबंधाची मागणी करणे हे टीकेचे काम नव्हे. सिद्ध-योद्ध्याची मराठीतील अनुपस्थिती ही उणीव म्हणून पाहण्याऐवजी ती एक निवड म्हणून पाहिली, तर तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट अशी की, नायकाचे सामर्थ्य कोठून येते हा प्रश्न वाङ्मयप्रकाराच्या सीमा ठरवतो. सामर्थ्य इतिहासातून आले की ऐतिहासिक कादंबरी, साधनेतून आले की भयकथा, गणितातून आले की विज्ञानकथा, अशी मराठी वाचनव्यवहाराची विभागणी झाली. ती साहित्यशास्त्राने केली नाही. प्रकाशक, परिषदा, स्पर्धा आणि वाचनालयांची कपाटे यांनी केली. दुसरी गोष्ट, मराठी विज्ञानकथेचा योद्ध्याला असलेला नकार हा तिच्या विवेकनिष्ठेचा भाग आहे, आणि 'गंगाधरपंतांचे पानिपत' हे त्या नकाराचे सर्वांत समृद्ध रूप आहे. तेथे योद्धा वगळलेला नाही. त्याच्या गौरवाचे कारण तपासले गेले आहे. तिसरी आणि अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, अदृश्य सत्तेखाली जगणाऱ्या वाचकाची वीराविषयीची गरज अंधश्रद्धेच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. न्यूयॉर्कहून येणाऱ्या आकड्यावर ज्याचा दिवस ठरत होता, त्याला दूरच्या शक्तींशी कसे झुंजायचे हे जाणून घ्यायचे होते. पोथीने त्याला एक उत्तर दिले, झुंजारने दुसरे दिले, समर्थाने तिसरे. विज्ञानकथेजवळ चौथे आणि अधिक खरे उत्तर होते, पण ते त्याच्या पत्त्यावर पोहोचले नाही.

कॉटन ग्रीनहून टाउन हॉलपर्यंतचे अंतर फार नाही; त्या भूखंडाचे नावच तेथून इकडे आलेले आहे. मराठी अंतराळकथेला उलट दिशेचा हा प्रवास अजून करावयाचा आहे. तिच्या ग्रंथालयात बसलेल्या प्राध्यापकाशेजारी साच्याचा आवाज ओळखणारा माणूस जेव्हा येऊन बसेल आणि दोघे मिळून बखरीचे ते पान वाचतील, तेव्हा मराठीला तिचा स्वतःचा अंतराळवीर सापडण्याची शक्यता निर्माण होईल. त्याच्या हाती तलवार असण्याची गरज नाही. त्याचा जन्म उकिरड्यावरचा असला आणि त्याची विद्या शिकून मिळवलेली असली, म्हणजे पुरे.